बाल्त्सेरोविच, लेशेक

(१९ जानेवारी १९४७ – ). पोलिश अर्थतज्ज्ञ व साम्यवादोत्तर पोलंडचे पहिले अर्थमंत्री. जन्म लिप्नो येथे. वॉर्सात अर्थशास्त्राचे शिक्षण झाल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठातून एम.बी.ए. केले. १९७८ पासून तरुण अर्थतज्ज्ञांच्या एका गटासह ते आर्थिक फेररचनेचे आराखडे तयार करत होते. सप्टेंबर १९८९ मध्ये पंतप्रधान तादेउश माझोव्येत्स्की यांनी उपपंतप्रधानपद आणि अर्थखाते सोपवले, तेव्हा ही तयारी कामी आली.

त्या वेळी दुकानांत माल नव्हता आणि ऑक्टोबरच्या एकाच महिन्यात किमती ५० टक्क्यांहून अधिक चढल्या होत्या. डिसेंबरअखेर संसदेने दहा कायदे एकत्र संमत केले आणि १ जानेवारी १९९० पासून ते लागू झाले. बहुतेक किमतींवरचे नियंत्रण उठले, अनुदाने कापली गेली, परदेशी व्यापार खुला झाला आणि डॉलरचा दर ९,५०० झ्लॉटी ठरला. सर्वांत कठोर कलम वेतनाचे होते: ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवणाऱ्या सरकारी कारखान्यांवर जबर कर बसला. कामगारांच्या 'सॉलिडॅरिटी' चळवळीतून आलेल्या सरकारने कामगारांच्याच पगाराला लगाम घालावा, हे त्या चळवळीवरील लोकांच्या विश्वासाशिवाय शक्य नव्हते. हा विश्वास फार काळ टिकणार नाही हे ओळखून केलेली घाई, हेच बाल्त्सेरोविच यांच्या कामगिरीचे मर्म होय.

जानेवारीत किमती सुमारे ८० टक्क्यांनी उसळल्या. वसंतापर्यंत मासिक वाढ काही टक्क्यांवर आली आणि दुकाने भरली. मात्र १९९० मध्ये राष्ट्रीय उत्पन्न ११ टक्क्यांहून अधिक घटले, आणि पूर्वी जवळजवळ नसलेली बेकारी १९९१ अखेर १२ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. श्रममंत्री यात्सेक कुरोन यांनी सुरू केलेल्या बेकारभत्त्याला लोक 'कुरोन्युफ्का' म्हणू लागले. सर्वाधिक हाल सरकारी शेतीवरील मजुरांचे झाले. शेती बंद पडली आणि त्या गावांत दुसरे काम नव्हते. किमती एका दिवसात मोकळ्या करणे योग्यच होते; या मजुरांना वेळीच आधार न देणे ही मात्र या धोरणाची खरी चूक म्हटली पाहिजे. पुढे आंद्झेई लेप्पेर यांच्या शेतकरी चळवळीने बाल्त्सेरोविच यांची हकालपट्टी हीच आपली घोषणा बनवली.

डिसेंबर १९९१ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढच्याच वर्षी पोलंडचे उत्पन्न वाढू लागले. पूर्वीच्या साम्यवादी गटात हा देश सर्वांआधी सावरला. १९९७–२००० या काळात ते पुन्हा अर्थमंत्री होते आणि २००१ ते २००७ पर्यंत पोलंडच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष.