घरी परतलेले सूर

मंडळी, भजन रंगात आले की पखवाजिया एकदम बोल बदलतो आणि गाणारा तो अचूक झेलतो, हे आपण पुष्कळदा ऐकले असेल. लिहून न ठेवता जागच्या जागी सुचणाऱ्या अशा गाण्यावाजवण्याला आपल्याकडे उपज म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत अशाच उपजेतून निघालेली एक चाल उठवलेल्या लोकांचा आवाज झाली. तिची ही हकीकत.

पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम १९३४ साली केपटाऊन शहरात जन्मले. त्या काळी त्यांना डॉलर ब्रँड म्हणत. १९६० साली ह्यू मासेकेला आदी सोबत्यांबरोबर त्यांनी तबकडी काढली. त्याच वर्षी शार्पव्हिल येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडून किमान ६९ माणसे मारली. वर्णद्वेषी राजवटीचा फास आवळत चालला, तसा हा मेळ पांगला. मासेकेला परदेशी गेले, १९६२ साली इब्राहिमही गेले. पुढे न्यूयॉर्कमध्ये ते नवे प्रयोग करणाऱ्या वादकांत मिसळले.

इकडे केपटाऊनमध्ये काय झाले? डिस्ट्रिक्ट सिक्स या जुन्या वस्तीत नाना वंशांचे आणि धर्मांचे लोक शेजारी नांदत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती केवळ गोऱ्यांसाठी ठरविली. ६०,००० हून अधिक लोकांना टप्प्याटप्प्याने शहराबाहेरच्या माळावर नेऊन टाकले. धरणाखाली ज्यांचे गाव गेले, त्यांना हे दुःख वेगळे सांगावयास नको. येथे मात्र निमित्त होते कातडीच्या रंगाचे!

अशा वेळी, १९७४ साली, इब्राहिम केपटाऊनात वाजवावयास बसले. बरोबर मॉरिस गोल्डबर्ग हे जुने सोबती होते, आणि डिस्ट्रिक्ट सिक्समध्येच जन्मलेले सॅक्सोफोनवादक बेसिल कोएट्झी होते. इब्राहिमांनी पियानोवर एक छोटी चाल धरली. आपल्याकडे तबलजीसाठी लेहरा धरतात ना, तशी ती फिरून फिरून येत राहिली आणि तिच्यावर एकेकाने आपली उपज केली. चालीला नाव दिले ‘मॅननबर्ग’. उठवलेल्या कुटुंबांची माळावरची जी नवी वसाहत, तिचेच हे नाव!

तबकडी घरोघर वाजली. १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला आणि इब्राहिमांनी पुन्हा देश सोडला. चाल मात्र मागे राहिली. १९८० नंतरच्या वर्षांत राजवटीविरुद्धच्या सभांतून कोएट्झी ती वाजवीत, लोक नाचत. १९९० साली मंडेला सुटले, तेव्हा इब्राहिम परतले. पुढे १६ जून २०१६ रोजी, सोवेटोच्या चाळीसाव्या स्मृतिदिनी, ते आणि मासेकेला मायदेशी पुन्हा एका मंचावर बसले. दोघेही तोवर म्हातारे झाले होते.

डिस्ट्रिक्ट सिक्सची पाडलेली जागा कित्येक वर्षे बहुतांशी ओसाडच पडून होती. गुरुजनहो, वर्गात आफ्रिकेचा नकाशा लावाल तेव्हा केपटाऊनवर बोट ठेवून ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. बुलडोझरने घरे पाडली. पण त्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसांचे एकमेकांना झेलणे काही त्याला पाडता आले नाही.