पावसावर चालणारी ट्राम

एक कोडे घालतो. मुंबईच्या रस्त्यावरच्या दोन डबलडेकर गाड्या डोळ्यांसमोर आणा. पहिली बेस्टची वातानुकूलित इलेक्ट्रिक बस, २०२३ पासून धावणारी. दुसरी १९३०च्या दशकातली डबलडेकर ट्राम, रुळांवरून खडखडत दादरकडे जाणारी. दोन्ही विजेवर चालणाऱ्या. एक युनिट वीज वापरली, तर कोणाच्या खात्यावर जास्त कार्बन जमा होतो?

उत्तर आहे, आजच्या बसच्या. आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश वीज अजूनही कोळशातून येते. त्या जुन्या ट्रामची वीज मात्र मुख्यतः सह्याद्रीत पडणाऱ्या पावसातून येत होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अ‍ॅप कितीही देखणे असले, तरी मागे सर्व्हरवर काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाड्यांच्या बाबतीत आपण सगळे फक्त स्क्रीन पाहतो. रेंज किती, चार्ज व्हायला वेळ किती, पिकअप कसा. पण रस्त्यावरची वाहतूक ‘कार्बन न्यूट्रल’ करायची, म्हणजे जेवढा कार्बन हवेत जाईल तेवढाच परत शोषला जाईल किंवा मुळात जाणारच नाही अशी करायची, तर खरा प्रश्न त्या मागच्या सर्व्हरचा आहे. त्यासाठी जर्मनी किंवा कॅलिफोर्नियापासून सुरुवात करायची गरज नाही. मुंबई आणि तिच्या मागचा घाट यांचा शंभर वर्षांचा इतिहास बरेच काही सांगतो.

घोडे गेले, तारा आल्या

मुंबईत ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, ती घोड्यांची. कुलाबा ते पायधुणी हा पहिल्या मार्गांपैकी एक. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि त्याच वर्षी घोडे रस्त्यावरून गेले. १९२० मध्ये डबलडेकर ट्राम आली. सुरुवातीची वीज कंपनी स्वतःच्या केंद्रात तयार करत असे.

विजेवर गाडी चालवणे ही तेव्हा नवलाई नव्हती. बर्लिनजवळ वेर्नर सीमेन्सने १८८२ मध्येच रुळांशिवाय, वरच्या तारेतून वीज घेणारी गाडी चालवून दाखवली होती. १८९७ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर बॅटरीच्या टॅक्सी धावत होत्या. १८९९ मध्ये ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेची होती. १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे चार हजार मोटारींपैकी सर्वांत कमी पेट्रोलच्या होत्या, वाफेच्या आणि विजेच्या त्याहून जास्त.

मग पेट्रोल जिंकले कसे? १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉपला तेलाचा प्रचंड साठा लागला. १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त ‘मॉडेल टी’ आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करायची कटकट संपली. त्या काळची शिशाची बॅटरी जड होती आणि शहराबाहेर वीजच नव्हती. पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येत होते. जिंकले ते पेट्रोलच्या मागे उभे असलेले अख्खे जाळे.

खोपोलीचे पाणी

मुंबईत मात्र त्याच काळात एक वेगळे जाळे उभे राहत होते. लोणावळ्याला पाऊस प्रचंड, पण तो चार महिन्यांचा. जमशेटजी टाटांची कल्पना अशी होती की घाटमाथ्यावर धरणे बांधून हे पाणी साठवायचे आणि खाली कोकणाच्या बाजूला सोडून वीज करायची. ते १९०४ मध्ये गेले. काम त्यांच्या मुलांच्या काळात झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खोपोलीच्या टर्बाइनवर पडू लागले ते १९१५ मध्ये. सुरुवातीला ही वीज गिरण्यांसाठी होती. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या गिरणगावाला तिचा फायदा उघड होता. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रेही आली. ट्राम चालवणारी कंपनीही टाटांकडून वीज घेऊ लागली. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू होईपर्यंत टाटांची वीज म्हणजे घाटातल्या पाण्याची वीज.

हा शब्दही जन्माला आला नव्हता तेव्हा मुंबईची ट्राम जवळपास कार्बन न्यूट्रल झाली होती. पर्यावरणासाठी कोणी काही केले नव्हते. पाणी होते, उतार होता, शहराला वीज हवी होती आणि बंगाल-बिहारचा कोळसा लांब होता, एवढेच.

मुळशीने भरलेली किंमत

इथे गोष्ट थांबवली असती तर छान झाले असते. पण भिऱ्याच्या केंद्राला पाणी मिळते ते मुळशीच्या धरणातून. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातल्या भातशेतीवर हे धरण येणार म्हणून १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो चालवला. बापटांना आपण ‘सेनापती’ म्हणतो ते या लढ्यामुळे. लोक बांधावर आडवे पडले, बायकांसह तुरुंगात गेले. तीन वर्षांत लढा मोडला. धरण झाले, गावे बुडाली आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईच्या जाळ्यात मिसळली.

आज त्या तलावाकाठी आपण वीकेंडला भजी खायला जातो. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांनी उभारलेल्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक होता, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितले नाही. जलविद्युत प्रकल्पाची कार्यक्षमता मात्र परीक्षेला होती.

या विजेचा धूर मुंबईला दिसला नाही, कारण तो नव्हताच. पण किंमत होती. ती दादरच्या ट्राममधल्या माणसाने नाही, मुळशीच्या शेतकऱ्याने भरली.

तारा का उतरल्या

३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. बोरीबंदर ते दादर. निरोप द्यायला रस्त्यावर गर्दी झाली होती. त्याआधी १९६२ मध्ये बेस्टने ट्रॉलीबस आणली होती. रूळ नाहीत, वर तारा, खाली रबरी चाके. ती १९७१ मध्ये बंद झाली.

कारणे समजण्यासारखी आहेत. ट्राम रस्त्याच्या मधोमध चालते, ती समोरच्या अडथळ्याला वळसा घालू शकत नाही. मोटारी वाढल्या तशी ती सगळ्यांना अडचण वाटू लागली. डिझेलची बस कुठेही वळते, मार्ग बदलायला नवे रूळ लागत नाहीत. लंडनने १९५२ मध्ये आणि मद्रासने १९५३ मध्ये ट्राम बंद केली होती, तेव्हा मुंबई काही वेडेपणा करत नव्हती. डिझेलच्या धुराचा हिशेब त्या काळी कोणाच्याच वहीत नव्हता.

आज तीच कल्पना परत येते आहे. स्वीडनने २०१६ मध्ये आणि जर्मनीने २०१९ मध्ये महामार्गाच्या काही भागावर वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या. आपल्याकडे नितीन गडकरींनी अशा विद्युत महामार्गाची कल्पना अनेकदा मांडली आहे. कारण सोपे आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या टाकीत तीनशे लिटर डिझेल मावते. इंजिन त्यातली बरीच ऊर्जा उष्णतेत घालवते, तरी उरलेल्या कामाइतकी वीज बॅटरीत भरायची तर बॅटरीचेच वजन सहा-सात टनांवर जाते. तार असेल तर तेवढे ओझे वाहावे लागत नाही.

बाकीच्या वाटा

मित्रांच्या ग्रुपवर ही चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतो, बॅटरी सोडा, भविष्य हायड्रोजनचे. दुसरा म्हणतो, आपल्याकडे ऊस आहे, इथेनॉल करा. दोन्ही वाटांनी जग आधी चालून आले आहे.

इथेनॉलचा मोठा प्रयोग ब्राझीलचा. तेलाच्या भावांनी कंबरडे मोडल्यावर तिथल्या सरकारने १९७५ मध्ये उसापासून इंधन करायचा कार्यक्रम आखला. १९७९ मध्ये पूर्णपणे इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली आणि १९८०च्या दशकाच्या मध्याला विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊ इथेनॉलच्या होत्या. मग तेल स्वस्त झाले, साखरेला भाव आला आणि दशकाच्या शेवटी पंपांवर इथेनॉल मिळेना. लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ उजाडले, जेव्हा दोन्ही इंधने कितीही प्रमाणात चालतील अशा ‘फ्लेक्स’ मोटारी आल्या.

आपल्याकडे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची पहिली चाचणी २००१ मध्ये झाली, त्यातली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. पण डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, साखर कमी म्हटल्यावर सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. ब्राझीलचाच धडा, मराठीत. ऊस वाढताना हवेतला कार्बन शोषतो, म्हणून हे इंधन कागदावर स्वच्छ दिसते. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातला अंदाज आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हे वाक्य मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात वाचून दाखवा.

हायड्रोजनवर चालणारी व्हॅन जनरल मोटर्सने १९६६ मध्येच बनवली होती. अडचण भौतिकशास्त्राची आहे. शंभर युनिट हरित वीज घेतली, तिने पाण्यातून हायड्रोजन काढला, तो दाबून टाकीत भरला आणि गाडीत परत वीज केली, तर चाकापर्यंत पोहोचतात साधारण तीस. त्याच शंभर युनिट बॅटरीत भरल्या तर सत्तरच्या वर. कार्बन आणि हायड्रोजन जोडून कृत्रिम पेट्रोल केले तर पंधराच्या आसपास. म्हणजे तेच अंतर कापायला चार-पाचपट सौर पॅनेल, आणि पॅनेल म्हणजे पुन्हा कोणाची तरी जमीन. विमाने आणि जहाजे यांच्यासाठी कदाचित दुसरा इलाज नसेल. ऑफिसला जाणाऱ्या स्कूटरसाठी हा खर्च परवडणारा नाही.

बॅटरीने मधल्या काळात मोठी मजल मारली. गंमत म्हणजे लिथियमच्या बॅटरीवरचे सुरुवातीचे मोलाचे काम १९७०च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत झाले. तिथल्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले. बंगळुरूची ‘रेवा’ २००१ मध्ये आली तेव्हा ती शिशाच्या बॅटरीवरच होती. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावाने विकली गेली, १८९७ च्या त्या टॅक्सींच्याच रस्त्यांवर.

मग करायचे काय

हिशेब मांडून पाहू. इलेक्ट्रिक स्कूटरला शंभर किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट लागतात. आजच्या विजेत एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर अडीच किलोच्या आसपास. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर तेवढ्याच अंतरात पाच किलो सोडते. म्हणजे कोळशाच्या विजेवरही इलेक्ट्रिक निम्म्यात भागवते. आणि वीज स्वच्छ होत गेली की तीच जुनी स्कूटर आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या इंजिनाला असे अपडेट येत नाही. मला म्हणूनच बॅटरीचा आणि जिथे जमेल तिथे तारेचा पर्याय पटतो.

पण सूर्य रात्री नसतो आणि आपण गाड्या रात्री चार्जिंगला लावतो. दिवसाची वीज साठवायचा एक मार्ग म्हणजे पाणी दिवसा वर चढवायचे आणि रात्री खाली सोडायचे. असे प्रकल्प सह्याद्रीत येऊ घातले आहेत. टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी अशा दोन प्रकल्पांचा करार केला, भिवपुरी आणि शिरवता. नावे ओळखीची वाटली ना? शंभर वर्षांपूर्वीचेच डोंगर, तोच उतार. जुन्या तलावांचा वापर झाला तर नवीन बुडीत क्षेत्र कमी लागेल, ही जमेची बाजू आहे. पण असे प्रकल्प घाटात इतरत्रही आखले जात आहेत आणि तिथे जंगल आहे, धनगरवाडे आहेत, भाताची खाचरे आहेत.

१९२१ मध्ये मुळशीच्या माणसाला विचारले नव्हते. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते, असे म्हणून आपण सुटलो. आता राज्य आपले आहे आणि गाडीही आपलीच आहे. पुढच्या वेळी शोरूममध्ये रेंज विचाराल तेव्हा ती विचाराच. पण घाटातल्या एखाद्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव बातमीत दिसला, तर तो स्क्रोल करून पुढे जाऊ नका. तुमच्या स्कूटरचा सर्व्हर तिथे बसवला जातो आहे.