स्तनाचा कर्करोग मेंदूत कसा तग धरतो?

स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरला, तरी त्याला 'मेंदूचा कर्करोग' म्हणत नाहीत. त्या पेशी मूळच्या स्तनातल्याच असतात. त्यामुळे उपचार ठरवताना डॉक्टर मूळ गाठीचा प्रकार पाहतात. हर-2 पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह या प्रकारांत मेंदूत पसरण्याचा धोका जास्त असतो.

पहिला अडथळा
मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्या रक्तातले बहुतेक पदार्थ आत येऊ देत नाहीत. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या एका संशोधक गटाला उंदरांवरील प्रयोगांत दिसले की, एरवी प्रामुख्याने मेंदूत सक्रिय असणारे एक जनुक कर्करोगाच्या पेशी वापरतात. त्यामुळे त्यांना या भिंतीला चिकटून पलीकडे जाणे सोपे होते.

आत गेल्यावर
आत पोचलेल्या बहुतेक पेशी मरतात. मेंदूतल्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी त्यांच्यावर हल्ला करतात. 2014 च्या संशोधनानुसार, वाचणाऱ्या पेशी सर्पिन नावाची प्रथिने तयार करून हा हल्ला निष्प्रभ करतात आणि रक्तवाहिनीला धरून वाढतात.

पुढे त्या मेंदूचीच साधने वापरतात. 2019 मध्ये असे आढळले की, या पेशी चेतापेशींच्या जोडांना बिलगतात आणि तिथे स्रवणाऱ्या ग्लुटामेटचा वाढीसाठी उपयोग करतात. मेंदूत बाहेरून मिळणारी चरबी कमी पडते, म्हणून हर-2 पॉझिटिव्ह पेशी ती स्वतःच बनवतात, हे 2021 मध्ये दिसले.

औषधांचे काय?
जी भिंत पेशी ओलांडतात, तीच अनेक औषधांना अडवते. ट्रास्टुझुमॅबचा रेणू मोठा असल्याने तो मेंदूत कमी पोचतो. तुलनेने लहान रेणूच्या तुकॅटिनिबला अमेरिकेत 2020 मध्ये, मेंदूत पसरलेल्या हर-2 पॉझिटिव्ह रुग्णांसाठीही, इतर औषधांसोबत वापरायला मंजुरी मिळाली. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हेही पर्याय आहेत. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक हे केंद्र कर्करोगावर उपचार आणि संशोधन दोन्ही करते.

हे लक्षात ठेवा
प्रत्येक डोकेदुखी म्हणजे कर्करोग नव्हे. पण स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या व्यक्तीला सतत वाढणारी डोकेदुखी, उलट्या, फिट, हातापायात अशक्तपणा किंवा बोलण्यात, दिसण्यात बदल जाणवला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच आपल्या कर्करोगतज्ज्ञांना सांगा. गरज वाटल्यास ते एमआरआय करायला सांगतील. फिट आली किंवा अचानक अशक्तपणा आला, तर थेट रुग्णालयात जा.