देवाकडून आलेलं नाव : मल्हार

इंदूरच्या नकाशावर माणसांची नावं ठायीठायी भेटतात. स्नेहलतागंज आणि मनोरमागंज ही होळकरांच्या राजकन्यांच्या नावांची, तुकोगंज तुकोजीरावांच्या नावाचं, आणि राजवाड्याच्या पश्चिमेला मल्हारगंज. स्नेहलतागंजातून मल्हारगंजापर्यंत जायला रिक्षाला फार वेळ लागत नाही, पण नावांच्या वयात दोन शतकांचं अंतर आहे. स्नेहलता हे विसाव्या शतकाच्या आवडीचं, संस्कृत घडणीचं कोमल नाव. मल्हार मात्र दख्खनच्या माळरानावरून, मेंढरांच्या कळपांबरोबर आणि घोड्यांच्या टापांबरोबर माळव्यात आलं. मध्यंतरी पांढरपेशा घरांतून ते जवळजवळ दिसेनासं झालं होतं. आता बालवाडीच्या हजेरीत ते पुन्हा ऐकू येतं. या नावाचा प्रवास नीट पाहिला, तर मराठी माणसं मुलांना नावं कशासाठी ठेवत आली, हेही उलगडत जातं.

नावाचं मूळ जेजुरीच्या खंडोबात आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळलं, तेव्हा शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेऊन त्यांचा नाश केला, अशी कथा ‘मल्लारिमाहात्म्य’ या संस्कृत ग्रंथात येते. मल्लाचा अरी तो मल्लारी. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, या विजयाचा उत्सव होतो आणि घरोघरी वांग्याच्या भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तळी भरली जाते. ही झाली पुराणाची बाजू. पण हाच देव कर्नाटकात मैलार या नावानं पुजला जातो, तेलुगू मुलखात तो मल्लण्णा होतो, आणि जुन्या मराठीत त्याला मैराळ म्हणत. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या गजरातला ‘येळकोट’ हा शब्दही कानडीतल्या ‘एळु कोटि’, म्हणजे सात कोटी, यावरून आलेला आहे. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या दैवताचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांच्या लेखनातून दिसतो तो धनगर-गवळ्यांचा, घोड्यावर बसून शिकारीला निघणारा, सीमा न मानणारा देव. त्याची एक बायको म्हाळसा वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. मुसलमान भक्तही त्याला मल्लूखान म्हणून मानत आले. इतक्या जातीजमातींचा आणि तीन भाषांचा हा देव असल्यामुळे त्याचं नावही एका समाजापुरतं राहिलं नाही.

आता देवाचं नाव माणसाला कसं लागलं ते पाहू. खंडोबा नवसाला पावणारा देव. मूल होत नाही, किंवा झालेलं जगत नाही, अशा घरांतून त्याला नवस बोलला जाई. काही जण मूलच देवाला वाहत. मुलगा वाघ्या होई, मुलगी मुरळी. मुरळीच्या वाट्याला जे आयुष्य येई ते इतकं दुःखाचं होतं, की ती चाल थांबवायला कायदे करावे लागले. पण बहुतेक आईबापांनी मूल घरी ठेवलं आणि देवाची आठवण नावात ठेवली. खंडू, खंडोजी, खंडेराव, मल्हारी, मल्हार, मार्तंड, म्हाळसा ही सगळी नावं एका देवघरातली. अशा घरात नाव निवडण्याचा प्रश्नच नसे. ज्यानं मूल दिलं, त्याचंच नाव मुलाला.

होळकरांची वंशावळ या दृष्टीनं एकदा वाचावी. नीरेकाठच्या होळ गावचे खंडोजी हे वडील. त्यांचा मुलगा मल्हारराव, जन्म १६९३. वडील लवकर गेले आणि मल्हाररावांना मामा भोजराज बारगळ यांनी खानदेशात तळोद्याला वाढवलं. पुढे ते पेशव्यांचे सरदार झाले आणि माळवा त्यांच्या हाती आला. त्यांच्या मुलाचं नाव पुन्हा आजोबांचं, खंडेराव. हे खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यानं पडले. अहिल्याबाई त्यांच्या पत्नी. खंडोजी, मल्हारराव, खंडेराव : तीन पिढ्या आणि तिन्ही नावं एकाच देवाची. पुढचे राज्यकर्ते पाहिले तरी तेच. दुसरे मल्हारराव, त्यांच्यानंतर थोडे महिने गादीवर आलेले मार्तंडराव, मग हरिराव, आणि १८४३ मध्ये पुन्हा एक खंडेराव. दत्तक घेतानाही घराणं आपल्या देवाच्या नावांपासून फार दूर गेलं नाही.

यातल्या दुसऱ्या मल्हाररावांकडे इंदूरकरांनी जरा थांबून पाहायला हवं. यशवंतराव होळकरांचा हा मुलगा १८११ मध्ये अगदी लहानपणी गादीवर आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. म्हणजे पहिल्या मल्हाररावांनी हा मुलूख मिळवला आणि दुसऱ्यांच्या नावानं इंदूर राजधानी झालं. एका नावाच्या दोन माणसांमध्ये या शहराची भाग्योदयाचं आणि पराभवाचं अशी दोन्ही पानं आहेत.

बडोद्यातही हीच जोडी दिसते. खंडेराव गायकवाड १८७० मध्ये वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला, चौकशी आयोग बसला आणि १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आलं. त्यांच्या जागी सयाजीराव आले. लेखणीच्या बाजूलाही हे नाव होतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याला शिवछत्रपतींची बखर लिहिणारे चिटणीस मल्हार रामराव. पानशांनी पुण्याजवळ सोनोरीला १७५७ ते १७६० या काळात जो किल्ला बांधला, तोही मल्हारगड. धनगर सरदार, मराठा राजा, कायस्थ प्रभू बखरकार आणि ब्राह्मण गडकरी अशा सगळ्यांच्या तोंडी हे एक नाव होतं.

या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती जेजुरीतली एक जागा. गडावरची पुष्कळशी दगडी बांधकामं अठराव्या शतकात होळकरांच्या पैशातून झाली. पण गडाच्या पायथ्याशी एक शिवमंदिर आहे, मल्हार-गौतमेश्वर. १७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव गेले. त्यांच्या पत्नी गौतमाबाई आधीच गेल्या होत्या. त्या दोघांची स्मृती या मंदिरात आहे. गेलेल्या माणसाच्या नावापुढे ‘ईश्वर’ जोडून लिंग स्थापण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि इथे पतिपत्नी दोघांची नावं एका देवाच्या नावात आली. मल्हारी मार्तंड म्हणजे शंकरच. त्याचं नाव होळच्या एका मुलाला मिळालं, त्या मुलानं ते दिल्लीपर्यंत नेलं, आणि शेवटी ते नाव त्याच देवाच्या गावात, त्याच देवाच्या लिंगाला परत लागलं. नावाचं इतकं पुरतं वर्तुळ मला दुसरीकडे कुठे ठाऊक नाही.

मग हे नाव विरळ का झालं? पहिलं कारण नामकरणाच्या पद्धतीत आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती, तोवर जुनी नावं आपोआप पुढे जात. विसाव्या शतकात ती रीत सुटत गेली आणि बारशाला नवी नावं शोधली जाऊ लागली. आधी सुरेश-रमेश, मग अनिल-सुनील, मग पुस्तकांतली आणि सिनेमांतली नावं. दुसरं कारण नावाच्या वजनात आहे. ‘मल्हारराव’ म्हटलं की पागोटं, गादी, दरबार डोळ्यांसमोर येई. पाळण्यातल्या मुलाला ते जड वाटू लागलं. आणि तिसरं कारण बोलायला अवघड असलं तरी बोललंच पाहिजे. खंडू, मल्हारी, म्हाळू ही नावं शहरी पांढरपेशांना गावठी वाटू लागली. गावच्या देवाशी असलेलं नातं नावातून पुसून टाकणं म्हणजे सुधारणा, असा तो समज होता. त्या समजापायी आपण बरंच गमावलं. धनगरवाड्यांवर आणि खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांतून नाव टिकलं, म्हणूनच ते पुढे परत येऊ शकलं.

परत आलं ते दुसऱ्याच दारानं, संगीताच्या. मल्हार हा पावसाचा राग. गौड मल्हार आणि तानसेनांच्या नावानं ओळखला जाणारा मियाँ मल्हार ही नावं संगीत न शिकलेल्यांनाही माहीत असतात. ‘मळ हरण करणारा’ अशी त्याची फोड गवई सांगतात. देवाच्या नावाची फोड वेगळी आणि रागाच्या नावाची वेगळी, पण कानाला दोन्ही एकच. व्रजाकडे श्रावणात झोपाळ्यावर बायका जी गाणी म्हणतात, त्यांनाही मल्हारच म्हणतात. त्यामुळे इंदूरसारख्या शहरात हे नाव दोन कानांनी ऐकलं जातं. मराठी घराला त्यात खंडोबाचा भंडारा दिसतो, हिंदी शेजाऱ्याला पाऊस. ज्या शहरात उस्ताद अमीर खाँ वाढले आणि जवळच्याच देवासला कुमार गंधर्व राहिले, तिथे हा दुसरा अर्थ परका कसा वाटेल? कुमारजींनी तर १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला नवा राग बांधला, त्याचं नाव गांधी मल्हार.

रागानं नावावरचं ‘राव’ उतरवलं. मल्हारराव गेले आणि नुसता मल्हार आला : तीन अक्षरं, सुटसुटीत, कुठल्याही भाषेत उच्चारता येतील अशी. गुजरातीतही हे नाव रुळलं. अभिनेता मल्हार ठाकर हे त्याचं ओळखीचं उदाहरण. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजनं १९७९ मध्ये आपल्या महोत्सवाला हेच नाव दिलं आणि इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांच्या तोंडीही ते बसलं. मग मे २०१४ मध्ये झी मराठीवर ‘जय मल्हार’ मालिका आली आणि २०१७ पर्यंत चालली. देवदत्त नागे यांच्या खंडोबानं जेजुरीची कथा रोज संध्याकाळी घरात आणली. ज्यांनी गावचं देवघर कधी पाहिलं नव्हतं, त्या मुलांनाही बाणाई आणि म्हाळसा कळल्या. रागामुळे नाव गोड झालं होतं. मालिकेनं त्याला त्याचा मूळ मालक परत दाखवला.

आज बाळाचं नाव मल्हार ठेवलं की पुष्कळ घरांत त्याचा अर्थ ‘पावसाचा राग’ असा सांगितला जातो. तो अर्थ खराच आहे, पण अपुरा आहे. या नावात होळच्या पोरक्या झालेल्या मुलाचं कर्तृत्व आहे, कुंभेरीचा घाव आहे, महिदपूरची हार आहे, आणि त्याही आधी मूल जगावं म्हणून गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या, कुठल्याच कागदावर न आलेल्या आईबापांची कृतज्ञता आहे. खानदानी म्हणून नाव मिरवणं सोपं असतं आणि गोड म्हणून ठेवणं त्याहून सोपं. पण हे नाव मुळात राजाचंही नाही आणि गवयाचंही नाही. ते मेंढपाळाच्या देवाचं आहे, आणि राजांनी आपण मोठे झालो तरी ते सोडलं नाही. इंदूरच्या मराठी घरांनी आपल्या मल्हारला रागाचा अर्थ जरूर सांगावा. मग त्याला मल्हारगंजात न्यावं, राजवाड्यातल्या मल्हारी मार्तंडासमोर उभं करावं, आणि खंडोजींपासूनची नावं एकामागून एक वाचून दाखवावीत. आपलं नाव आपल्या आधी किती जणांनी पेललं, हे ज्याला लहानपणी कळतं, तो त्या नावाला जपून वागतो.