एलायझाचा जनक आणि त्याचे बंड

१/ १९३६ साली बर्लिनमधील एक ज्यू कुटुंब नाझी राजवट सोडून अमेरिकेत आश्रयाला आले. त्या कुटुंबातील १३ वर्षांचा मुलगा म्हणजे जोसेफ वायझेनबॉम. माणसाशी संवाद साधणारी पहिली प्रसिद्ध संगणकीय आज्ञावली पुढे त्यांनीच लिहिली आणि त्या शास्त्राचे कठोर टीकाकारही तेच झाले.

२/ दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी लष्कराच्या हवामान विभागात काम केले. पुढे १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ते बँक ऑफ अमेरिकासाठी 'एर्मा' ही संगणकप्रणाली घडवणाऱ्या चमूत होते. भारतातील धनादेशांच्या तळाशी आजही दिसणारे चमत्कारिक वळणाचे आकडे त्याच प्रकल्पाचा वारसा सांगतात.

३/ एर्माच्या सामाजिक परिणामांचा विचार त्या काळी आपल्या मनाला शिवलाही नाही, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. अवघड कोडे सोडवण्याचा आनंद तेवढा पुरेसा वाटत होता.

४/ १९६३ मध्ये ते एमआयटीत आले. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' प्रसिद्ध केली. हे नाव शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुलवालीचे. मराठी प्रेक्षक तिला पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तील मंजुळा म्हणून ओळखतात.

५/ एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका वठवत असे. समोरच्याने आईचा उल्लेख केला की ती कुटुंबाविषयी आणखी विचारी. अर्थ तिला मुळीच कळत नव्हता. शब्द हेरायचे आणि वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढेच तिचे तंत्र.

६/ तरीही लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंनी महिनोन्‌महिने हे काम जवळून पाहिले होते. त्यांनीही एलायझाशी चार वाक्ये बोलल्यावर वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. काही मानसोपचारतज्ज्ञ तर यंत्राकडून उपचार करवून घेण्याची भाषा बोलू लागले. जनक हादरला.

७/ त्याच काळात व्हिएतनाम युद्ध पेटले होते आणि एमआयटीतील संगणक संशोधनाला संरक्षण खात्याचा मोठा निधी मिळत होता. ४ मार्च १९६९ रोजी तेथील शास्त्रज्ञांनी आणि विद्यार्थ्यांनी संशोधन एक दिवस थांबवून निषेध नोंदवला. वायझेनबॉम युद्धविरोधी बाजूस होते. ज्ञानशाखा सत्तेच्या सेवेला कशा जुंपल्या जातात, हे जर्मनीने जगाला दाखवून दिले होते. तो धडा ते विसरले नव्हते.

८/ १९७३ साली कंबोडियावरील गुप्त बॉम्बफेकीचे प्रकरण उघडकीस आले. खोट्या नोंदी संगणकातून अधिकृत अहवाल होऊन बाहेर पडल्या होत्या. यंत्राने छापलेले ते खरेच, असा समज असला की असत्यालाही प्रतिष्ठा मिळते आणि दोष कोणाच्याच माथी येत नाही.

९/ १९७६ मध्ये त्यांचे 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक आले. त्यातील मूळ भेद असा: निर्णय हिशेबाने काढता येतो, निवड मात्र जबाबदारी घेऊन करावी लागते. म्हणून यंत्राला काय जमेल, यापेक्षा त्याच्यावर काय सोपवू नये, हा प्रश्न मोठा. न्यायदान आणि मानसोपचार ही त्यांची उदाहरणे.

१०/ यंत्राला माणसाचे बोलणे ओळखायला शिकवण्याच्या संशोधनाविषयीही त्यांनी विचारले: याला पैसा कोण पुरवतो आणि कशासाठी? आवाजाने युद्धनौका चालवणे आणि दूरध्वनीवरील संभाषणांवर पाळत ठेवणे, हे उपयोग त्यांना समोर दिसत होते. अशा कामाला नकार देणे हेही तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे, असे त्यांनी मांडले.

११/ सहकारी दुखावले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' ही संज्ञा रूढ करणाऱ्या जॉन मॅकार्थी यांनी पुस्तकावर जळजळीत परीक्षण लिहिले. वायझेनबॉम मागे हटले नाहीत.

१२/ १९९६ साली ते बर्लिनला परतले आणि २००८ मध्ये जर्मनीतच निवर्तले. यंत्राला माणसाची जागा घेता येईल का, या वादात आजही उत्तर यंत्राच्या क्षमतेत शोधले जाते. वायझेनबॉम यांनी ते यंत्र घडवणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसाकडे मागितले होते.