खाकी : न दिसण्याचा रंग

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर जलाशयावर पक्षी पाहावयास गेलो होतो. एका विद्यार्थ्याच्या पाठीवर भडक नारिंगी सॅक होती. डोंगरात वाट चुकलेला माणूस दुरून दिसावा म्हणून तिला तो रंग. पाणवठ्यावर तोच गुण आडवा आला. आम्ही जवळ जाण्यापूर्वीच बदके उडाली. (दोष एकट्या सॅकचा नसावा, आमच्या बोलण्याचाही असेल.) घरी येऊन त्याने बाभळीच्या सालीच्या काढ्यात ती बुडवून पाहिली, पण पॉलिस्टरने रंग धरला नाही. मग एक जुनी खाकी पँट उसवून त्याने सॅकला खोळ शिवली. पुढच्या खेपेस वाटेवरच्या गावात एका आजींनी त्याला थांबवून विचारले, "पोलिसातला हैस का रे बाबा तू?" दडण्यासाठी घेतलेल्या रंगानेच तो ओळखू आला, आणि तोही भलताच कुणी म्हणून!

'खाक' हा फारसी शब्द. अर्थ धूळ, माती. मराठीत तो 'जळून खाक' होत राखेपर्यंत पोहोचला. 'खाकी' म्हणजे धुळीच्या रंगाचे. १८४६ साली हॅरी लम्सडेनने पेशावर येथे 'गाइड्स' हे पथक उभारले आणि त्याला मातकट रंगाचे कपडे दिले. तोवर इंग्रजी फौजेचा डगला लाल होता. बंदुकीच्या दारूच्या दाट धुरात आपला माणूस आपल्याला ओळखू यावा आणि शत्रूवर दरारा बसावा, हे त्यामागील कारण. दूरवर अचूक मारा करणाऱ्या रायफली आल्या तेव्हा हा दिमाख जिवावर बेतू लागला. १८५७च्या धुमाळीत तर अनेक पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, चिखल, शाई, हाती लागेल त्यात बुडवून मळकट करून घेतले. १८८५ साली हिंदी लष्करात खाकी सर्रास रूढ झाली.

त्या काळी हिंगोली ही लष्करी छावणी होती. राज्य निजामाचे, अधिकारी इंग्रज, अशा हैदराबाद कंटिंजंटचे ते एक ठाणे. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले होते. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणीचे दिवस संपले. सरहद्दीवरील उघड्या टेकड्यांत उपयोगी पडलेला हा रंग छावणीच्या गावात कुणापासून लपणार होता? येथे तो मिरवण्याचाच रंग ठरणार. पुढे शिपाई, वनरक्षक, पोस्टमन, एस.टी.चा चालक, सारे त्याच रंगात आले.

आम्हांला अधिक बोलकी वाटते ती याची दुसरी बाजू. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या हिरव्या जंगलात खाकी उठून दिसू लागली, तेव्हा हिंदी सैन्याने कपडे हिरवे रंगवले. स्वातंत्र्यानंतरही लष्कराने ऑलिव्ह हिरवाच पुढे चालवला. म्हणजे खाकी लपवीनाशी होताच सैनिकाने ती टाकली. पोलिसाने ती टाकली नाही, कारण त्याला लपावयाचे नव्हतेच. चौकात तो दिसला पाहिजे, त्याचा धाक वाटला पाहिजे. एकच कापड, पण त्याचा अर्थ पुरता उलटला. कोशात आजही 'मातकट रंगाचा' एवढेच सापडेल. आजींच्या आवाजातील दबकेपण तेथे नाही. कथा-कादंबरीत 'खाकी' हा शब्द आला की आपण वर्गात तो रंगवाचक विशेषण म्हणून सांगून पुढे जातो, हे आम्हांलाही लागू आहे.

असो. श्रावणात शिवार हिरवेगार झाले आणि ती खोळ पाखरांनाही लपेना. विद्यार्थ्याने आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचे तुकडे तिच्यावर वेडेवाकडे टाचले. आता आजी काही विचारीत नाहीत. गावातील पोरे मात्र त्याला बहुरूपी म्हणतात.