'अर्धसत्य' : दोन खून, एकच हात

गुन्हेपटात गुन्हेगार कोण आणि तो कधी सापडणार, याची उत्कंठा गृहीत धरलेली असते. गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य'मध्ये (१९८३) ती जवळपास नाहीच. रामा शेट्टी काय करतो आणि त्याच्या पाठीशी कोण आहेत, हे मुंबईच्या पोलिस ठाण्यात सर्वांनाच ठाऊक आहे. उपनिरीक्षक अनंत वेलणकर किती काळ तग धरणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि तोच प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवतो.

श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा रचली. शीर्षक दिलीप चित्रे यांच्या कवितेचे. तेंडुलकरांनी रहस्य रचण्यात वेळ दवडलेला नाही, त्यांनी माणूस उलगडला आहे. वेलणकरचा बाप (अमरीश पुरी) पोलिसातलाच, बायकोवर हात उचलणारा. पुढे शिकू पाहणाऱ्या मुलाला त्यानेच या नोकरीत ढकलले. त्या घरातली मुकी चीड मुलाच्या वर्दीत उतरली आहे. जळालेल्या माणसाच्या जबानीवरून वेलणकर शेट्टीला पकडायला जातो, तेव्हा शेट्टी केवळ एक फोन फिरवतो. वरून हुकूम येतो आणि वेलणकर रिकाम्या हाताने परततो. मराठी रंगभूमीवरून आलेल्या सदाशिव अमरापूरकरांनी हा शेट्टी आरडाओरड न करता उभा केला. म्हणूनच त्याची भीती वाटते.

पुढे डाकू पकडल्याचे श्रेयही दुसऱ्याच्या पदरात पडते. मग दारू, आणि मग किरकोळ चोरीत हाती लागलेल्या एका भुरट्या चोराला कोठडीत जीव जाईपर्यंत मारहाण. अखेरीस वेलणकर ज्या हातांनी शेट्टीचा गळा आवळतो, ते हेच हात. शेट्टीच्या अंतावर टाळी वाजवणाऱ्या प्रेक्षकाला त्या चोराचे काय, हे विसरता येत नाही. चकमकफेम अधिकाऱ्यांवर नंतर निघालेल्या कितीतरी चित्रपटांनी ही अडचण सोयीस्करपणे टाळली.

दोष आहेत. प्राध्यापिका ज्योत्स्नाच्या वाट्याला वेलणकरच्या सदसद्विवेकाचा आवाज होण्यापलीकडे फारसे काही येत नाही. स्मिता पाटील यांच्या ताकदीची अभिनेत्री हाताशी असताना हे अधिकच खटकते. नसीरुद्दीन शाह यांचा निलंबित, दारूत बुडालेला लोबो हा नायकाला दाखवलेला आरसा आहे. पण तो जरा जास्तच समोर धरला आहे.

ओम पुरी यांच्यापुढे मात्र हे सारे क्षम्य ठरते. अपमान गिळताना त्यांचा जबडा आवळला जातो आणि नजर स्थिर राहते. त्या क्षणी संवादांची गरजच उरत नाही. या भूमिकेने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, तर अमरापूरकरांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर. शेट्टीला संपवून वेलणकर पळत नाही. सरळ ठाण्यात येऊन स्वतःला हवाली करतो.